सुभेदारांच्या पट्टीतला सरवा

आमच्या कॉलनीत जे शेती करतात ते सगळे नोकरदार. गावाकडची जमीन वाट्यानं द्यायची, उसाला तोड कधी येणार ते फोनवरून विचारायचं आणि इथं कराडजवळ मलकापुरात दोरीनं आखलेल्या पट्टीत कोथिंबीर लावायची. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. तिथं बाग होणार, बाग होणार असं ऐकून लोक कंटाळले. शेवटी सगळ्यांनी मिळून गाजरगवत उपटलं आणि घरटी एकेक पट्टी वाटून घेतली. दोन पट्ट्यांच्या मध्ये निळी नायलॉनची दोरी. त्या दोरीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी कुणाच्या गावच्या बांधावरूनही झाली नसतील.

आमच्या पट्टीत मात्र गवतच होतं. मी शाळेत शिकवते. नवरा माधवनगरला एका गिरणीच्या ऑफिसात आहे. तो शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. शेजारची पट्टी सुभेदारांची. ते फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांची वांगीसुद्धा रांगेत उभी. आमच्या गवताकडं बघून ते म्हणायचे, मॅडम, दुश्मन का इलाका आहे हा. मी हसून वेळ मारून नेत असे.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी आई आमच्याकडं राहायला आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ मुंबईत एका खोलीत बायकोपोरांसह राहतो, तिथं आईनं पाय कुठं पसरायचे हाच प्रश्न. गावाला विहिरीनं तळ गाठलेला. मी जाऊन तिला जवळजवळ उचलूनच आणलं. दोन शेळ्या दिराकडं सोडून, घराला कुलूप घालून ती निघाली. "चार दिस येते" असं ती गाडीत बसताना म्हणाली आणि मी ते कानावेगळं केलं.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्याही पलीकडं. पण कॉलनीत कुणी विचारलं तर मी "साताऱ्याकडं" असं सांगत आले. खोटं काही नाही. जिल्हा साताराच, आणि तसं म्हटलं तर कराडही साताऱ्यातच येतं. पण ऐकणाऱ्याला सातारा शहर ऐकू यायचं आणि मी ते ऐकू देत असे. उसाच्या मुलखात माणाचं नाव काढलं की लोकांना मेंढरं आणि टँकर आठवतात. माझ्या आजोबांची मेंढरंच होती. वडिलांनी ती विकून थोडं रान कसलं, मला डी.एड.ला घातलं. याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं, आणि तरी ती वाटायची. सरळ सांगायचं तर आई आल्यावर ती जास्त वाटायला लागली.

आई म्हणजे नऊवारी लुगडं, हातभर गोंदण आणि अनवाणी पाय. मी तिला चपला आणल्या तर त्या "नव्या हायती" म्हणून तिनं कपाटावर ठेवल्या. सकाळी कुणी दारातून डोकावलं, गावाकडून कोण आलंय का म्हणून विचारलं, तर मी म्हणायची, "हो, गावाकडच्या आहेत." एवढंच. त्या वाक्यात "आई" हा शब्द कसा कोण जाणे बसायचा नाही.

आणि तिची लाज वेगळीच. जावयाच्या घरात बसून खायचं, ही तिला शिक्षा वाटायची. अर्धी भाकरी खाऊन ती ताट धुवायला उठायची. ताट ठेवायची ते पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. नवऱ्यानं तिला दोनदा समजावलं की मामी, घर तुमचंच आहे. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धीच भाकरी. रोज रात्री मी मनात म्हणायची, आता ही जाते म्हणणार. गुडघ्यानं अधू झालेली बाई त्या बंद घरात एकटी राहणार, पडली तर कुणाला कळणारही नाही, या विचारानं माझी झोप उडायची.

तिला थांबवलं ते त्या पट्टीनं. एका रविवारी सकाळी मी उठले तर ती बाहेर गवतात बसलेली आणि हातात स्वयंपाकघरातलं उलथणं. नवऱ्यानं त्याच दिवशी कराडातून खुरपं आणून दिलं. मृगाच्या सरींवर तिनं भुईमूग टोकला, कडेनं मूग आणि शेपू लावला, कोपऱ्यात दोडक्याचा वेल चढवला. मधे एक ओळ बाजरीही पेरली. काळ्या मातीत बाजरी लावू नका, नुसती माजेल, असं सुभेदारांनी सांगून पाहिलं. पण माणसाच्या घरात बाजरी नसली तर ते घर कसलं, असं तिचं म्हणणं. बाजरी पुरुषभर वाढली, कणसं धरली ती मूठभर, आणि श्रावणातल्या झडीत तीही काळी पडली. आई मातीवरच रागावली. लय माजलेली माती हाय, म्हणाली.

पण भुईमूग मात्र देखणा आला. ती पहाटे खुरपं घेऊन भांगलायला बसायची आणि मी शाळेला निघेपर्यंत तिथंच असायची. फुलं धरली, शेंगा धरणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरायला लागल्या, तशी तिनं वेलांच्या बुडाला हातानं माती लावली. कामाच्या भरात ती कुणाशी बोलत नसावी असं मला वाटायचं, आणि ते मला बरंही वाटायचं. भाजी घरात आली की ती ओट्यावर ठेवून म्हणायची, "ह्ये आजचं." जणू त्या दिवसाच्या जेवणाचा हिशेब चुकता झाला. त्या दिवशी ती पूर्ण भाकरी खायची. गौरीला शेपूची भाजी झाली ती आमच्या पट्टीतली. नवऱ्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली, तर आईचा चेहरा असा फुलला की मी त्याला मनातल्या मनात हजार आशीर्वाद दिले. गणपती गेले तरी जाण्याची भाषा तिनं काढली नाही.

मग उत्तरा नक्षत्र लागलं आणि पावसानं कहर केला. पट्ट्यांत पाणी तुंबलं, दोऱ्या वाहून गेल्या. आई खिडकीशी बसून हात चोळत होती, कारण शेंगा भरल्या होत्या आणि अशा पाण्यात त्यांना जमिनीतच मोड फुटतात. पाऊस उघडला तसं ऊन पडलं ते अंग भाजणारं. पावलाला माती चिकटत नाही पण बोटानं दाबली तर दबते, असा वाफसा आल्यावर तिनं मला शाळेला रजा टाकायला लावली आणि आम्ही दोघींनी वेल उपटले. थोड्या शेंगांना मोड आलेच होते, ते बघून ती हळहळली. पण वेल हलक्या हातानं येत होते, शेंगा सगळ्या मुळांना धरून. गच्चीवर पोत्यावर त्या वाळत घातल्या तेव्हा मलासुद्धा उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

सुभेदारांनी मात्र त्यांच्या भुईमुगाची काढणी रविवारवर ठेवली. पुण्याहून मुलगा, सून, नातवंडं येणार होती, त्यांना शेंगा उपटायची मजा दाखवायची होती. रविवारपर्यंत उन्हानं जमीन कडक झाली. वेल उपटले की शेंगा आतच तुटून राहायच्या. नातवंडं खिदळत होती, सून फोटो काढत होती, सुभेदार वेल झटकून पाटीत भरत होते. शेवटचा वेल गेला, पाटी उचलली गेली, सगळे घरात गेले. आई आमच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. मला वाटलं, तिला नातवंडांचं कौतुक वाटतंय.

आमच्याकडं माणात रान मोकळं झालं की मागं राहिलेलं ज्याच्या हाताला लागेल त्याचं. त्याला सरवा म्हणतात. मालकानं शेवटची पाटी उचलून पाठ फिरवली की रानात शिरायचं, त्याआधी नाही. हा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. लहानपणी मी आईच्या मागं मागं सरवा वेचलाय. मालकही मुद्दाम फार घासून पुसून काढत नसत. सरवा वेचणाऱ्या बाईला कुणी हटकलं, असं मी माझ्या गावात कधी पाहिलं नाही.

सोमवारी मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत फोन बघितला तर कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो. सकाळचं कोवळं ऊन, सुभेदारांच्या पट्टीतला भुईमुगाचा रिकामा वाफा, आणि त्यात अर्धी पाठमोरी बसलेली आई. लुगड्याचा ओचा शेंगांनी भरलेला. खाली कुणीतरी लिहिलं होतं की दुसऱ्याच्या पट्टीतलं पीक परवानगीशिवाय घेऊ नये, आपण सुशिक्षित वसाहतीत राहतो. त्याखाली हात जोडल्याची चित्रं, एकामागून एक. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी फोन पालथा ठेवला. डबा तसाच बंद करून परत नेला.

घरी आले तेव्हा आई गच्चीवर शेंगा पसरत होती. आमच्या शेंगांशेजारी या नव्या, धुऊन स्वच्छ केलेल्या. मला बघून ती खुशीत म्हणाली, सुभेदारांनी निम्मं रानातच ठेवलं होतं, बरं झालं, किती वाया गेलं असतं. मी पिशवी घेतली आणि हाताला येतील तशा शेंगा भरल्या. कुठल्या त्यांच्या आणि कुठल्या आमच्या, हे बघायचंही भान नव्हतं. आमच्यातल्याही ओंजळीनं गेल्या असतील. कुठं निघालीस, असं तिनं विचारलं. सुभेदारांचं त्यांना देऊन येते, मी म्हणाले, आणि ताडताड जिना उतरले.

सुभेदार घरात नव्हते. मुलगा पुण्याला गेला होता, पण सून पोरांना घेऊन राहिली होती. दार तिनंच उघडलं. मागून सुभेदारांची बायको पदराला हात पुसत आली. मी पिशवी पुढं केली, माफ करा म्हणाले, चुकून झालं म्हणाले. सुनेनं फोटो पाहिला असावा. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, कोण होत्या त्या आजी?

"आमच्याकडं असतात त्या," मी म्हणाले. "गावाकडच्या आहेत. कळत नाही त्यांना."

आमच्याकडं असतात. धुणंभांड्याच्या बाईविषयी बोलावं तसं. जन्मभर जिला "तू" म्हटलं, तिला मी "त्या" करून टाकलं. सुभेदारांच्या बायकोनं पिशवी घेतली, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. मी वळले. फाटकाला हात लावून आई उभी होती. माझ्या मागोमाग ती जिना कशी उतरली, त्या गुडघ्यानं, मला कळलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी ओरडले. शरमलेलं माणूस नेहमी ओरडतं, तशी मी ओरडले. कॉलनीत असलं चालत नाही, लोक फोटो काढतात, मला या लोकांत राहायचंय, असं बरंच काही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "सरवा परत करत न्हाईत, बाय. परत करत्यात ती चोरी."

तिनं मला समजावून सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. तो फोटो टाकणाऱ्यानं तिला चोर ठरवलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला माहीतच काय होतं. मला सगळं माहीत होतं. त्याच ओच्यातल्या शेंगा खाऊन मी वाढले होते. पिशवी भरून त्या परत नेऊन तिला चोर ठरवलं ते मी.

दुसऱ्या दिवशी तिनं बोचकं बांधलं. नवरात्राचे घट बसवायला घरी जायाला हवं, देव बंद खोलीत किती दिस ठेवायचा, असं कारण तिनं काढलं. भांडण नाही, रुसवा नाही. मी अडवलं तेव्हाही तेच. कराडच्या स्टँडवर वडूजमार्गे गावाकडं जाणाऱ्या गाडीत मी तिला खिडकीशी बसवलं. ती म्हणाली, जावयास्नी सांग, दोडक्याचं बी धराय ठेवलंय, त्ये तोडू नगा. गाडी हलेपर्यंत मी काहीतरी बोलायचं ठरवत होते, आणि गाडी हलली. शनिवारी नवऱ्यानं विचारलं, मामी का गेल्या? मी सांगितलं, घट बसवायला. त्यानं ताटातली भाजी चिवडली आणि पुढं काही विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं की नाही, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

दसरा झाल्यावर मी तिला आणायला गेले. घराला कडी होती. शेजारणीनं हातानंच दाखवलं, ओढ्यापल्याडच्या रानात गेलीय. बाजरी कापून झालेली, धाटांच्या पेंढ्या रचलेल्या, आणि मोकळ्या रानात चार-पाच बायका वाकून सांडलेली कणसं गोळा करत होत्या. त्यांच्यात आई. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. आलीस व्हय, एवढंच म्हणून तिनं शेजारची जागा दाखवली. मी पर्स बांधावर ठेवली, पदर खोचला आणि वेचायला लागले. बाजरीच्या कुसांनी हात खाजत होते, कंबर मोडत होती, पण तिथं कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. रानाचा मालक बैलांना पाणी दाखवून येताना बायकांना म्हणाला, त्या कोपऱ्यात बगा, तिकडं बरंच पडलंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

उन्हं कलली तशी आम्ही बांधावर बसलो. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी काढली. अख्खी भाकरी खाल्ली. मी म्हणाले, चल की माझ्याबरोबर. थंडीत इथं गुडघा धरतो, पट्टी तशीच पडलीय, हरभरा टाकता येईल. तिनं कणसातलं कूस फुंकून उडवलं आणि विचारलं, "तिथं मला कोण म्हणून न्हेतीस?"

"आई म्हणून."

"ह्ये मला नगं सांगू," ती म्हणाली. "तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत आले. वडूजपासून पुढं गाडीत उभी होते, आणि काय सांगायचं, कुणाला सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. ग्रुपवर लिहावं असं आधी वाटलं. मग वाटलं, ज्या दारात बोलले त्या दारात बोलायला हवं. वर्गात मुलांसमोर उभी राहते तेव्हा माझा आवाज कधी अडकत नाही. त्या दिवशी वाक्य पाठ करावं लागलं.

संध्याकाळी सुभेदारांची बायको पट्टीत भेंडीपाशी होती. मी पुन्हा बांधलेल्या दोरीच्या अलीकडं उभी राहिले. मी म्हणाले, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी सूनबाईंना चुकीचं सांगितलं. सरवा वेचत होती ती माझी आई आहे, आणि माझं माहेर सातारा शहर नव्हे, माणातलं आहे.

"अहो मॅडम, माहीत आहे की," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात सांगून गेल्या होत्या त्या. मी नुसतं कुठलं गाव विचारलं, तर गाव राहिलं बाजूला, लेक माझी मास्तरीण हाय, हेच दोन-तीनदा सांगितलं. त्या दिवशी सूनबाईला मी सांगणारच होते. पण तुम्ही तसं म्हणालात, आणि त्या मागं उभ्या. मग मी तरी काय बोलणार?"

हे ती सहज म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता भेंडीची पिकली पानं काढत राहिली.